दर वाढवा, दहा घरं जाऊ द्या

दिवाळी तोंडावर आली की सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक विचारणा हमखास येते: खिडक्या धुणारं कोणी आहे का, आणि घेतात किती? २०२५ पासून त्या ‘किती’च्या मागे ४९ हा आकडा उभा आहे. मार्च २०२५ मध्ये अर्बन कंपनीने मुंबईत तासाला ४९ रुपयांत घरकामाला माणूस देऊ केला, ‘इन्स्टा मेड्स’ या नावावर टीका झाली, नाव ‘इन्स्टा हेल्प’ झालं आणि सप्टेंबरात कंपनी शेअर बाजारात दाखलही झाली. हे सगळं वाचून झालेलं आहे. या गदारोळात जो कुठेच दिसला नाही त्याच्याविषयी बोलू: दुचाकी, दोन बादल्या, एक मदतनीस आणि डायरीत चाळीसेक घरं एवढ्यावर खिडक्या धुण्याचा धंदा करणारा माणूस. त्याला दर वाढवायचा असतो आणि गिऱ्हाईक तुटेल या धास्तीने तो गप्प बसतो. माझं मत स्पष्ट आहे. त्याने दर वाढवावा. काही गिऱ्हाइकं तुटतील, ती तुटू द्यावीत.

‘काच पुसायला एवढे पैसे?’ असं विचारणाऱ्यांनी एकदा हे काम जवळ उभं राहून पाहावं. स्लायडिंगच्या ट्रॅकमधली धूळ आधी कोरड्या ब्रशने काढावी लागते, नाहीतर पाणी पडताच तिचा चिखल होतो आणि तो खाचेत बसतो. डासांची जाळी उतरवून वेगळी धुवायची. काचेला साबणाचं पाणी लावलं की वायपर एका कडेपासून न उचलता फिरवत खाली आणायचा आणि वेळोवेळी त्याचं रबर फडक्याने पुसून घ्यायचं, नाहीतर काचेवर रेघ उठते. ऊन थेट पडलं असेल तर ती खिडकी नंतरसाठी ठेवायची, कारण वायपर पोहोचायच्या आत पाणी सुकतं. सगळ्यात चिवट असतात ते क्षाराचे पांढरे डाग. बोअरवेल किंवा टँकरच्या पाण्याचे शिंतोडे काचेवर वर्षभर सुकत राहिले की ते नुसत्या साबणाला दाद देत नाहीत. सौम्य आम्ल लावून थांबावं लागतं, आणि घाईने तारेची घासणी मारली तर काचेवर कायमचे ओरखडे उठतात. ब्रिटनमध्ये अनेक जण क्षार पूर्ण काढलेलं पाणी लांब दांड्याच्या ब्रशमधून सोडतात. ते डाग न ठेवता सुकतं, त्यामुळे पुसावंही लागत नाही. आपल्याकडे गिऱ्हाइकाच्याच नळाचं पाणी वापरायचं आणि डाग राहिला तर बोलणीही आपणच खायची.

आता हिशेब. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, ज्याने त्याने आपले घालून पाहावेत. महिन्याला ४० घरं, प्रत्येकी ६०० रुपये, दिवसाला दोन घरं. मदतनिसाचा रोज ५००, म्हणजे घरामागे २५०. पेट्रोल, केमिकल, कापड, वायपरचं रबर मिळून घरामागे आणखी १००. खर्च ३५०, हाती राहिले २५०. वीस दिवस राबून महिन्याचे १० हजार.

दर १५ टक्क्यांनी वाढवला, ६९० केला. घरामागे आता ३४० राहतात. यातली दहा गिऱ्हाइकं रागावून निघून गेली असं धरू. चाळीसपैकी दहा म्हणजे चौथाई धंदा, कोणाच्याही पोटात गोळा येईल. पण उरलेल्या ३० घरांचे १० हजार २०० होतात. कमाई घटली नाही, उलट दोनशे रुपये वाढली आणि महिन्यातले पाच दिवस मोकळे झाले. त्या पाच दिवसांत नव्या दराची चार घरं मिळाली तरी तो निव्वळ नफा आहे.

उलट बाजूनेही मोजून पाहू. ‘स्वस्तात करतो, काम वाढेल’ असं म्हणून त्याने दर १५ टक्क्यांनी उतरवला, ५१० केला. घरामागे राहिले १६०. पूर्वीचे १० हजार मिळवायला ६३ घरं लागतील. दिवसाला दोन घरं धरली तर साडेएकतीस दिवस. इतके दिवस कोणत्याच महिन्यात नसतात.

तिसरा हिशेब मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो कोणी करतच नाही. दर वाढवला नाही, उतरवलाही नाही, चार वर्षं ६०० च ठेवला. खर्च मात्र वर्षाला ६ टक्क्यांनी वाढत गेला. चार वर्षांनी घरामागचा ३५० चा खर्च ४४२ होतो आणि हाती उरतात १५८. म्हणजे दर १५ टक्क्यांनी उतरवणारा आणि चार वर्षं गप्प बसणारा एकाच ठिकाणी येऊन पोहोचतात. फरक इतकाच, की पहिल्याने तो निर्णय घेतलेला असतो आणि दुसऱ्याला आपण काय केलं ते कळतही नाही. ‘जुनं गिऱ्हाईक आहे, कसं बोलायचं?’ या संकोचाची ही किंमत आहे.

रिक्षावाल्याला हा संकोच करावा लागत नाही. मुंबई महानगरात १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं किमान भाडं २३ वरून २६ रुपये झालं. सगळ्यांचं एकदम झालं, त्यामुळे कोणा एकाचं गिऱ्हाईक शेजारच्या रिक्षात जाऊन बसलं नाही. खिडक्या धुणाऱ्याला ना दर ठरवणारं प्राधिकरण, ना मीटर. तो एकटाच वाढ मागतो आणि एकट्यानेच नकार ऐकतो.

आणि समोर ४९ चा आकडा. तो दर सुरुवातीच्या सवलतीचा होता आणि काम करणाऱ्यांना तासाला १५० ते १८० रुपये मिळतात, असं कंपनीनेच तेव्हा सांगितलं होतं. मग मधला फरक कोण भरत होतं? कंपनी स्वतः. तोटा सोसून बाजार धरण्याची ताकद ज्याच्याकडे आहे तोच असा दर लावू शकतो. दुचाकीवरून फिरणाऱ्याने त्या दराशी स्पर्धा करणं हा आत्मघात आहे आणि गिऱ्हाइकाने तो आकडा दाखवून घासाघीस करणं अन्याय आहे.

न्याय-अन्यायाची ही भावना दरांच्या बाबतीत किती प्रबळ असते याचा एक सुंदर अभ्यास आहे. डॅनिएल काह्नमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी तो १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. काह्नमन यांना पुढे २००२ मध्ये आणि थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. या तिघांनी कॅनडात टोरांटो आणि व्हँकुव्हरच्या लोकांना फोनवरून साधे प्रश्न विचारले. दुकानात बर्फ उपसायचं फावडं १५ डॉलरला मिळतं, मोठं हिमवादळ झालं आणि दुसऱ्या दिवशी दुकानदाराने ते २० डॉलरला लावलं, हे योग्य की अयोग्य? ८२ टक्के लोकांनी अयोग्य म्हटलं. दुसरा प्रश्न: लेट्यूसच्या गड्ड्याचा घाऊक भाव ३० सेंटने वाढला म्हणून दुकानदारानेही ३० सेंट वाढवले, तर? ७९ टक्क्यांनी ते मान्य केलं.

फोनवरचं मत आणि खिशातून निघणारे पैसे यांत अंतर असतं हे खरं. तरीही या दोन उत्तरांत आपल्या धंद्याला लागणारं जवळजवळ सगळं शहाणपण आहे. दिवाळीच्या आठवड्यात ६०० चे ९०० करणं हे हिमवादळातलं फावडं आहे. त्या आठवड्यात पैसे मिळतात, पण गिऱ्हाइकाच्या मनात अढी बसते. बेताची वाढ गुढीपाडव्याला, महिनाभर आधी कळवून, मदतनिसाचा रोज आणि पेट्रोल किती वाढलं ते सांगून केली तर लोक समजून घेतात. नव्या घरांना नवा दर लगेच लावावा, जुन्यांना थोड्या दिवसांनी. दरवर्षी थोडी वाढ करावी. पाचव्या वर्षी एकदम दीडपट दर सांगितला की जुनं माणूसही दचकतं, आणि त्यात त्याची चूक नसते.

वाढीनंतर जी घरं गळतात तीही कशीही गळत नाहीत. बहुतेकदा आधी जातात ती दर वेळी पन्नास रुपये कापणारी, आयत्या वेळी ‘आज नको, उद्या या’ म्हणणारी. कोथरूडच्या माणसाचं हडपसरचं एकुलतं घर गेलं तर सकाळचा तासभर आणि लिटरभर पेट्रोल वाचतं. एकाच सोसायटीत सहा घरं असतील तर मात्र जपून पावलं टाकावीत. तिथे एकाची नाराजी ग्रुपवर संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळते. निम्मी कमाई एकाच कार्यालयाकडून किंवा शोरूमकडून येत असेल तर वरचा हिशेब लागूच होत नाही. तिथे आधी गिऱ्हाइकं वाढवावीत, मग दराचं बोलावं.

एका ठिकाणी मात्र दराचा प्रश्न जिवाशी येतो. उंच इमारतींच्या काचा बाहेरून धुताना दोरावर लटकणाऱ्या माणसाला दोन स्वतंत्र दोर हवेत: एक कामाचा, दुसरा पहिला तुटला तर जीव वाचवणारा. दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी बांधलेले हवेत. अंगावर पूर्ण शरीराचा हार्नेस हवा, गच्चीवर दोरांवर नजर ठेवणारा माणूस हवा. सोसायटी तीन कोटेशनं मागवते आणि सगळ्यात कमी रकमेच्या कोटेशनवर सही करते. ती रक्कम कमी कशामुळे झाली हे क्वचितच कोणी विचारतं. पाणी आणि साबण यांत वाचवण्यासारखं फारसं काही नसतं. वाचतं ते दुसऱ्या दोरावर, गच्चीवरच्या माणसावर आणि विम्यावर. असं काम सोडून देणाऱ्या ठेकेदाराने गिऱ्हाईक गमावलं असं मी मानत नाही.

म्हणून सोसायटीच्या सचिवांना आणि कमिटीला एक विनंती. या आठवड्यात कोटेशनं टेबलावर येतील तेव्हा बेरीज बघण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: दोर किती, वर माणूस कोण, विमा कोणाच्या नावावर. आणि घरच्या खिडक्या धुणाऱ्याने नव्या दराचा निरोप पाठवला तर ‘बघू’ म्हणून त्याला लटकवून ठेवू नका. हो म्हणा किंवा नाही म्हणा, पण त्याच दिवशी सांगा. तुमचा वार त्याला दुसऱ्या घराला देता येईल.