पाणथळीतली नोकरी आणि पायाची जखम

गोदावरी-कादवा संगमाजवळच्या नांदूरमध्यमेश्वरला मी पक्षी पाहायला येणाऱ्यांना वाट दाखवतो. २०२० मध्ये ही जागा महाराष्ट्रातील पहिली 'रामसर' पाणथळ म्हणून जाहीर झाली. हिवाळ्यात पहाटे धुक्यातून चक्रवाकांची साद येते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघड्या चिखलावर बगळे जमतात. पावसाळ्यात जांभळ्या पाणकोंबड्या पाणगवतात घरटी करतात. रोजच्या चालण्याने भूक लागते, रात्री गाढ झोप येते. हे सुख औषधाच्या बाटलीत मिळत नाही.

मात्र याच पाण्याने मला एकदा अंथरुणाला खिळवले. टाच चिरलेली असताना मी अनवाणी चिखलात उतरलो. आठवड्याने थंडी वाजून ताप आला, डोळे लाल झाले, पोटऱ्या इतक्या दुखल्या की उभे राहवेना. पावसाळी ताप समजून दोन दिवस गोळ्यांवर काढले. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पाण्यात उतरला होतात का?" रक्त तपासले, तो 'लेप्टोस्पायरोसिस' निघाला.

उंदीर, गुरे यांच्या लघवीतून हे जंतू पाण्यात येतात व जखमेतून किंवा डोळ्या-तोंडावाटे शरीरात शिरतात. वेळेवर उपचार झाले तर रोगी सहसा बरा होतो. उशीर झाल्यास मूत्रपिंड व यकृत यांना धोका पोचतो.

तेव्हापासून मी गमबूट घालतो, जखम झाकतो, घरी आल्यावर साबणाने पाय धुतो. उसाला दारे धरणाऱ्यांनीही हे पाळावे. ताप आल्यास पाण्यात उतरल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. पाणथळ सोडायची गरज नाही; पायांकडे लक्ष हवे.