दान नको, काम द्या

करवीर तालुक्यातील गडमुडशिंगी असो वा वाळवा तालुक्यातील पेठ, कृष्णा-पंचगंगेच्या या पट्ट्यात तालमीची माती आणि सैन्याची भरती यांचे नाते जुने आहे. पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर त्याच मातीतले. बालपणी कुस्ती आणि सैन्याच्या ईएमई दलात मुष्टियुद्ध, असा त्यांचा मैदानी पिंड. १९६५ च्या भारत-पाक युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या. मणक्यातील गोळीने कमरेखालचे शरीर लुळे पडले. उपचारासाठी त्यांना पाण्यात उतरविण्यात आले आणि त्या पाण्यालाच त्यांनी आखाडा मानले. १९७२ मध्ये हायडलबर्ग येथे ५० मीटर मुक्त शैलीत ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून त्यांनी भारताला पॅरालिम्पिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले.

पदकाइतकीच मोलाची गोष्ट पुढची आहे. टाटांकडून साहाय्य देऊ करण्यात आले, तेव्हा पेटकरांनी दान नाकारून काम मागितले. पुण्याच्या टेल्कोत सुमारे तीस वर्षे नोकरी करून त्यांनी प्रपंच चालविला. पद्मश्री मिळाली २०१८ साली, सुवर्णपदकानंतर तब्बल ४६ वर्षांनी. अर्जुन जीवनगौरव पुरस्कार तर जानेवारी २०२५ मध्ये. सन्मान लांबला, परंतु घरची चूल त्यावर अवलंबून नव्हती.

आपल्या पेढीवर वा कारखान्यात एखादा निवृत्त, जायबंदी जवान आला, तर देणगीची पावती फाडण्यापूर्वी त्याच्याजोगे काम आपल्याकडे आहे का, हे अवश्य पाहावे.