ठरलेल्या वेळी होणारी कामे

मेलिंग लिस्ट, म्हणजे एका पत्त्यावर आलेली ईमेल सर्व सभासदांपर्यंत पोहोचवणारी व्यवस्था, चालवणाऱ्या सर्व्हरवर दोन प्रकारची कामे असतात. आलेला संदेश लगेच पुढे पाठवावा लागतो, तर काही कामे ठरावीक वेळ झाली की आपोआप व्हावी लागतात. युनिक्स कुळातील संगणकांवर ही दुसरी कामे ‘क्रॉन’ हा प्रोग्रॅम करवून घेतो. बेल लॅब्जच्या १९७९च्या युनिक्समध्ये तो होता आणि पॉल व्हिक्सी यांनी १९८७ साली लिहिलेले त्याचे रूप पुढे सर्वत्र रुळले.

क्रॉनला द्यायच्या सूचना ‘क्रॉनटॅब’ नावाच्या तक्त्यात असतात. त्याच्या प्रत्येक ओळीत मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार अशी पाच घरे व त्यापुढे आज्ञा असते. ज्या घरात तारांकन असते, तिथे कोणतेही मूल्य चालते. क्रॉन दर मिनिटाला तक्ता पाहतो आणि वेळ जुळली की ती आज्ञा चालवतो.

‘मेलमन’ या मुक्त सॉफ्टवेअरच्या २.१ आवृत्तीसोबत मिळणाऱ्या तक्त्यानुसार, मंजुरीसाठी थांबलेल्या संदेशांची आठवण सकाळी ८ वाजता व्यवस्थापकांना जाते, ईमेल परत येत राहिल्याने ज्यांचे वितरण थांबले आहे अशा सभासदांना ९ वाजता सूचना जाते आणि दुपारी १२ वाजता ‘डायजेस्ट’, म्हणजे साठलेल्या संदेशांचे एकत्रित संकलन, रवाना होते.

हा तक्ता बसवायचा राहिला, तरी संदेशांची ये-जा सुरूच असल्याने सर्व्हर निर्दोष भासतो. डायजेस्ट ठरावीक आकाराचे झाले की क्रॉनविनाही निघते; त्यामुळे गजबजलेल्या लिस्टवर उणीव जाणवत नाही, मात्र जिथे आठवड्याला दोन-तीनच संदेश येतात, तिथले सभासद वाट पाहत राहतात. कामाला विलंब झाल्यास पहिली फेरी संपण्याआधी दुसरी सुरू होण्याचाही धोका असतो, म्हणून काम चालू असेपर्यंत दुसऱ्या फेरीला अडवणारी ‘लॉक फाइल’ वापरतात.

अशी चूक स्वतःहून समोर येत नसल्याने, क्रॉनने चालवलेल्या कामांचा अहवाल जबाबदार व्यक्तीच्या ईमेलवर यावा अशी सोय करणे आणि अपेक्षित डायजेस्ट खरोखर निघाले का हे अधूनमधून पडताळणे, हा सभासदांप्रती असलेल्या कर्तव्याचाच भाग मानला पाहिजे.