चेहऱ्याचा साबण घरी करताय? मग तेल पारखून घ्या

घरी साबण करायचा म्हटले की बहुतेक गृहिणी सरळ खोबरेल तेलाचा डबा काढतात. तेल हाताशी असते, वडी टणक होते आणि फेसही भरपूर येतो. पण हाच साबण आठ दिवस चेहऱ्याला लावला की गाल ओढल्यासारखे वाटतात, नाकाच्या कडेची त्वचा सुटू लागते. खोबरेल तेलात जवळजवळ निम्मे लॉरिक आम्ल असते. त्याचा साबण मळ झपाट्याने काढतो आणि त्याबरोबर त्वचेचा स्वतःचा स्निग्धपणाही. म्हणून चेहऱ्याच्या साबणात हे तेल पाव भागाहून अधिक नको.

निम्मी जागा ऑलिव्ह तेलाला द्या. साबण सौम्य होतो, फेस मात्र बेताचाच. ही उणीव एरंडेल भरून काढते, पण ते दहा टक्क्यांपुढे गेले की वडी मऊ पडते. करडई व सूर्यफुलाचे तेल स्वस्त असले, तरी जास्त घातल्यास साबण लवकर खवट होतो व त्यावर नारिंगी डाग उठतात.

आता बदाम तेलाविषयी. कॉस्टिक सोड्याशी संयोग झाला की तेल तेल राहतच नाही, त्याचे साबण आणि ग्लिसरीन होते. मग महागडी बाटली त्यात कशाला रिकामी करायची? त्यापेक्षा तोंड धुतल्यावर दोन थेंब चेहऱ्यावर चोळा. सुगंधी केशतेल तर वापरूच नका. त्यात अनेकदा खनिज तेल मिसळलेले असते, त्याचा साबण होत नाही आणि सोडा शिल्लक राहतो.

खरा धोका इथेच आहे. 100 ग्रॅम खोबरेल तेलाला सुमारे 18 ग्रॅम सोडा लागतो, ऑलिव्हला साडेतेरा, एरंडेलाला तेराहून थोडा कमी. तेल बदलले आणि सोडा तेवढाच ठेवला, तर उरलेला सोडा चेहरा भाजून काढील. वाटी-चमच्याचे माप इथे कामाचे नाही, वजनकाटाच हवा.

ऑलिव्ह 250 ग्रॅम, खोबरेल 125, तीळतेल 75 आणि एरंडेल 50 ग्रॅम घ्या. याला 68 ग्रॅम शुद्ध कॉस्टिक सोडा व 150 ग्रॅम पाणी पुरते. या हिशेबात थोडे तेल मुद्दाम मोकळे ठेवले आहे, ते त्वचेला मऊपणा देते. सोडा पाण्यात घालावा, पाणी सोड्यावर कधीही ओतू नये. भांडे स्टीलचे घ्यावे, अ‍ॅल्युमिनियम सोड्याने खाल्ले जाते. हातमोजे व चष्मा घालावा, खिडकी उघडी ठेवावी आणि मुलांना दूर ठेवावे.

वड्या कापून चार ते सहा आठवडे हवेशीर जागी वाळू द्या. नंतरही पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहा. साबण कितीही चांगला जमला तरी तो अल्कलीच असतो. त्यामुळे इसब किंवा चिघळलेल्या मुरुमांवर तो वापरण्यापूर्वी त्वचारोगतज्ज्ञांना विचारा.