शोधणाऱ्याच्या मनातलं जाहिरातीला कसं कळतं?

गूगलवर नुसतं ‘कळंब’ टाइप केलं, तर नेमकं काय हवंय? वसईजवळचा समुद्रकिनारा, यवतमाळ जिल्ह्यातला चिंतामणी गणपती की धाराशिवमधला तालुका? सर्च इंजिन शोधणारा कुठे आहे ते पाहतं आणि सोबतचे शब्दही. ‘कळंब बीचला कसं जायचं’ विचारणारा माहिती शोधतोय. ‘कळंब रिसॉर्ट एक दिवसाचे दर’ विचारणारा बुकिंगच्या तयारीत आहे. बाजारात नुसतं बघणारा कोण आणि पापलेट घेणारा कोण, हे कोळीण पहिल्या प्रश्नावरूनच ओळखते, तसंच हे.

शोधाच्या निकालांसोबत दिसणाऱ्या जाहिरातीत बहुधा प्रत्येक क्लिकचे पैसे मोजावे लागतात. म्हणून कळंब बीचजवळच्या रिसॉर्टवाल्याने दराच्या, बुकिंगच्या शब्दांवर बोली लावावी, ‘चिंतामणी’, ‘यवतमाळ’ हे शब्द वगळावेत. छोट्या व्यावसायिकाचे पैसे असेच वाचतात.