चौथी तार

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. रस्त्याकडेला ताडपत्र्या पसरतात. नळाच्या तोट्या, कुलपं, बंद घड्याळं, पितळी दिवे, आणि त्यांच्यातच कुठेतरी पोट उघडं पडलेला एखादा रेडिओ. तीस वर्षं मी असल्या पोटांत डोकावतो आहे. मला हवा असतो करंगळीच्या पेराहूनही लहान असा एक तुकडा : जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर.

इतिहास थोडक्यात. १९४७च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला, तो जर्मेनियमचाच. आपल्याकडे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने साठच्या दशकाच्या सुरुवातीला फिलिप्सच्या सहकार्याने आधी व्हॉल्व्ह आणि मग जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर बनवायला घेतले. पुढे सिलिकॉन आलं आणि जर्मेनियम मागे पडलं. पण तोवर आपण अख्ख्या रेडिओलाच ‘ट्रान्झिस्टर’ म्हणू लागलो होतो. एका सुट्या भागाचं नाव घरातल्या लाडक्या वस्तूला मिळावं, हा मान दुसऱ्या कुठल्या भागाला मिळालेला मला आठवत नाही.

मुंबईत असाल तर ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोड गाठायचा. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलेलं असलं, तरी रेडिओवाल्यांच्या तोंडी जुनंच नाव आहे. काउंटरवर सगळा नवा माल. जुनं हवं असेल तर घाई करायची नाही. आधी चार कंडेन्सर घ्यायचे, मग हळूच विचारायचं, ‘एसी १२८ आहे का, जुना स्टॉक?’ दुकानातला सगळ्यात वयस्कर माणूस मान वर करतो. मग माळ्यावरून एक पत्र्याचा डबा खाली येतो.

डब्यातलं सगळंच घ्यायचं नसतं. गँग (स्टेशन लावायचा पात्यांचा कंडेन्सर), आयएफटी (आयएफ ट्रान्सफॉर्मर), कॉइल खुशाल घ्या. पाती वाकलेली नसतील आणि तार तुटलेली नसेल, तर ती आपल्यापेक्षा जास्त जगतील. व्हॉल्व्हच्या काचेवर आतून चंदेरी डाग असतो. तो पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, व्हॉल्व्ह गेला. जुने इलेक्ट्रोलिटिक आणि कागदी कंडेन्सर मात्र कितीही देखणे दिसले तरी सेटमध्ये घालू नयेत. ते गळतात आणि जाताना शेजाऱ्यालाही घेऊन जातात.

माझा जीव जडला आहे तो ओसी ७१वर. काचेची इवलीशी नळी, वरून काळा रंग, एका कडेला लाल ठिपका. ठिपका ज्या बाजूला ती कलेक्टरची तार. हा काळा रंग शोभेचा नाही. जर्मेनियमला उजेड कळतो. सुरुवातीच्या ओसी ७१चा रंग खरवडला की तो उजेड मोजू लागे. हौशी लोकांनी त्याचे फोटोट्रान्झिस्टर करून घेतले. ओसीपी ७१ या नावाने विकला जाणारा खरा फोटोट्रान्झिस्टर बराच महाग होता. पुढे नळीत अपारदर्शक मसाला भरू लागले आणि ही गंमत संपली.

जर्मेनियमला ऊबही कळते. डिजिटल मीटरच्या डायोड रेंजवर ०.२ ते ०.३ व्होल्ट दिसले तर जर्मेनियम, ०.६च्या पुढे गेलं तर सिलिकॉन. ही झाली ओळख. तब्येत पाहायची तर काट्याचा मीटर हवा. कलेक्टर आणि एमिटरला मीटर लावायचा, बेस मोकळा ठेवायचा आणि ट्रान्झिस्टर चिमटीत धरायचा. बोटांच्या उबेने काटा सरकू लागतो. थोडा सरकून स्थिरावला तर माल चांगला, पळतच सुटला तर परत डब्यात. दगडासारखा दिसणारा तुकडा आपल्या हाताची ऊब ओळखतो, हे पाहताना मला आजही पहिल्या दिवसाइतकंच नवल वाटतं.

आता अण्णांच्या सेटची गोष्ट. वडील गेल्यावर त्यांचा ट्रान्झिस्टर माझ्याकडे आला. नुसती खरखर, स्टेशन एकही नाही. सेटच्या मिक्सर भागातला एएफ ११७ ट्रान्झिस्टर गेला, असं मी धरून चाललो. जुन्या बाजारात दोन महिने फिरलो, तेव्हा एका फुटक्या सेटमध्ये तोच नंबर मिळाला. घरी येऊन लावला, तर पुन्हा खरखरच.

मग जुनी मासिकं चाळताना कारण सापडलं. एएफ ११४ ते ११७ या मंडळींना चार तारा असतात. चौथी बाहेरच्या डबीची, ती अर्थला जाते. डबीच्या आत कथलाला वर्षानुवर्षं केसाहून बारीक तंतू फुटतात आणि ते आतल्या भागाला टेकतात. ट्रान्झिस्टर मरत नाही, अर्थला शॉर्ट होतो. बहुतेक वेळा चौथी तार कापली की काम भागतं.

मी अण्णांच्या सेटमधला मूळ एएफ ११७ परत बसवला आणि त्याची चौथी तार कापली. ७९२ किलोहर्ट्झवर पुणे केंद्र बोलू लागलं. बाजारातून आणलेल्याचीही कापली. तोही धडधाकट निघाला.

त्या रात्री मी बाद म्हणून टाकलेल्यांची बरणी उपडी केली. तेव्हापासून बाजारात जाताना खिशात कटर असतो, आणि ताडपत्रीवाल्याला चांगला माल विचारायच्या आधी मी म्हणतो, ‘भाऊ, फेकायला काढलेलं आधी दाखवा.’