एरंडेलावर उडणारं विमान

लहानपणी वर्षातून दोन-तीनदा अम्मी आम्हा भावंडांना रांगेत बसवून एरंडेल पाजायची. नाक दाबून घोट घ्यायचा, वरून गरम चहा. त्या तेलाचा विमानाशी संबंध आहे, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर आम्ही हसलो असतो.

गेल्या उन्हाळ्यात पुण्यात शिकणारा भाचा परंड्याला आला. एनसीसीच्या हवाई विभागात तो मॉडेल विमानं उडवायला शिकलाय. पैसे साठवून त्यानं एक जुनं, मुठीत मावणारं इंजिन घेतलं होतं. माळावर दोन उड्डाणं झकास झाली. तिसऱ्या वेळी आवाज चिरका होत गेला आणि पंखा थांबला. इंजिन जाम! "मामू, तेल तर महागातलं घातलं होतं," तो रडवेला झाला. दुकानदारानं सांगितलं होतं, एरंडेल जुन्या जमान्याचं, नुसतं सिंथेटिकच घाला.

चूक कुठं झाली? आपली जुनी लूना आठवा. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागायचं, कारण तिच्या टू-स्ट्रोक इंजिनात ऑइलची वेगळी टाकी नव्हती. या इंजिनाचंही तसंच. फक्त इथं पेट्रोलऐवजी मेथेनॉल असतं, ताकद वाढवायला कधी थोडं नायट्रोमिथेन. लूनाला शेकडा दोन-चार भाग ऑइल पुरायचं. इथं साधारण वीस भाग लागतं. पंखा मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे घेतो. तेल नुसतं वंगण देत नाही, उष्णताही बाहेर वाहून नेतं. गाडीचं साधं ऑइल मात्र चालत नाही. ते मेथेनॉलमध्ये विरघळत नाही, वेगळं होऊन बसतं.

एरंडेल सहज विरघळतं. त्यातला बहुतेक भाग रिसिनोलेइक आम्लाचा असतो. त्यामुळे ते दाट असतं आणि धातूला चिकटून राहतं. इंधन कमी पडून इंजिन तापलं, तर एरंडेलाचा वॉर्निशसारखा थर बनतो आणि पिस्टनला वाचवतो. पण हाच गुण पुढं दोष ठरतो. तो तपकिरी थर साचतो, इंजिन चिकट होतं. सिंथेटिक तेल इंजिन स्वच्छ ठेवतं, थंडीतही पातळ राहतं; पण फार तापलं की त्याचा थर टिकत नाही. भाच्याच्या इंजिनाची सुई जास्त आवळली गेली होती. इंधन कमी पडलं, इंजिन तापलं आणि सांभाळायला एरंडेलाचा थेंबही नव्हता.

म्हणून दोन्ही मिसळणं शहाणपणाचं. बॉल बेअरिंगच्या नव्या इंजिनाला एक लिटर इंधनात २०० मिलिलिटर तेल, त्यात १५० सिंथेटिक आणि ५० एरंडेल, हा सर्वसाधारण हिशेब. लोखंडी पिस्टन आणि साधा बुश असलेल्या जुन्या इंजिनाला २२० ते २५० मिलिलिटर तेल लागतं, त्यात निम्मं तरी एरंडेल हवं. इंजिन बनवणाऱ्यानं वेगळं सांगितलं असेल, तर मात्र त्याचंच ऐकावं.

हे ऐकून भाचा थेट नानीच्या फडताळाकडं वळला. त्याला थांबवावं लागलं. आपल्याकडं एरंड्या भाजून, कुटून, पाण्यात उकळून तेल काढतात. त्यात पाण्याचा अंश आणि गाळ राहतो. इंजिनाला शुद्ध केलेलं, कोरडं एरंडेलच लागतं. आणखी एक सांगतो. मेथेनॉल जहाल विष आहे. पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो. त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. लहान मुलांच्या हाती ते कधीच देऊ नये.

या तेलाची कीर्ती जुनी आहे. पहिल्या महायुद्धात विमानांच्या फिरत्या इंजिनांत एरंडेलच असे, कारण पेट्रोलनं ते धुऊन जात नसे. जळकं तेल वैमानिकांच्या तोंडावर उडे. त्यांची पोटं बिघडत, असं सांगतात. १९०९ साली आलेल्या 'कॅस्ट्रॉल' या नावातही इंग्रजीतला एरंड, म्हणजे कॅस्टर, आहे. बांधावरच्या ज्या झाडाला आपण 'ओसाड गावी एरंड बळी' म्हणून हिणवतो, त्याचा हा पराक्रम!

पुण्यात दुरुस्त करून आणलेलं इंजिन दिवाळीत पुन्हा सुरू झालं, तेव्हा अम्मी ओट्यावर बसली होती. धुराचा वास येताच तिनं पदर नाकाला लावला आणि म्हणाली, "अरे, यालाही जुलाब देताय का?"

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)